आखाजीचा झोका बांधलेल्या निंबावर वीज पडली, ढगात नेमकं होतं काय?

तापीकाठ

राम राम मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहीण आणि भाची आल्या होत्या, मळ्यातल्या मोठ्या निंबाला दरवर्षीसारखा झोका बांधला, पोरींनी गाणी म्हटली, खापरावरचे मांडे झाले, आंब्याचा रस झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपासून डोंगरावर ढग चढायला लागला, खाली काळा आणि वर फुलकोबीसारखा पांढराशुभ्र. पाच वाजता वारा सुटला, चार टपोरे थेंब पडले, आणि पाऊस नीट सुरू व्हायच्या आधीच त्या निंबावर वीज पडली.

झाडाखाली कोणी नव्हतं, देवाची कृपा. पण झाडापासून सहा-सात पावलांवर बैलजोडी बांधलेली होती. सर्जा जागेवरच गेला, अंगावर कुठे जखम नाही की भाजल्याची खूण नाही. राजा त्याच्या शेजारीच होता, तो गुडघ्यावर बसला आणि थरथरत परत उठला. निंबाची साल शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चार बोटं रुंद सोलून निघाली, तिचे तुकडे केळीच्या बागेत सापडले.

आता खरं दुखणं सांगतो. भाची पायाळू आहे, म्हणजे पायाकडून जन्मलेली. गल्लीतल्या दोन-तीन जणी बोलून गेल्या की पायाळू पोर मळ्यात फिरवली म्हणून वीज आली. पोरगी अकरा वर्षांची, तिने ते ऐकलं. रात्री खाटेवर माझ्याजवळ येऊन विचारते, मामा, सर्जा माझ्यामुळे गेला का? मी नाही म्हणालो, पण नाही तर मग का, हे मला सांगता आलं नाही. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की विजेतून रेडिएशन निघतं, त्यामुळे बहीण वेगळीच घाबरलीय, पोरीला डॉक्टरला दाखवू का म्हणते, घर झाडापासून शंभर-सव्वाशे पावलांवर आहे आणि पोरगी तेव्हा ओसरीवर होती.

ज्यांना माहिती आहे त्यांनी नीट सांगा. मला तिला सांगायचंय.

वायरमन_नाना

दादा, वाचून वाईट वाटलं. बैल म्हणजे घरातला माणूस.

सर्जा का गेला ते मी सांगतो, चोवीस वर्षं तारांवर काम केलंय. वीज झाडातून खाली आली की मुळापाशी संपत नाही, जमिनीतून चहूकडे पसरते. बुंध्याजवळ जमिनीचा व्होल्टेज प्रचंड असतो आणि जसजसं लांब जाल तसा उतरत जातो. जनावराचा पुढचा पाय एका जागी, मागचा पाच फुटांवर, म्हणजे दोन पायांखालची जमीन वेगवेगळ्या व्होल्टेजची. मग करंट एका पायाने वर चढतो, पोटाछातीतून जाऊन दुसऱ्या पायाने उतरतो आणि वाटेत हृदय असतं. तुटलेली तार जमिनीवर पडली की आम्ही पाय जुळवून छोट्या छोट्या उड्या मारत लांब जा म्हणतो ते याचसाठी.

एक विचारतो. सर्जाचं तोंड झाडाकडे होतं का?

तापीकाठ

हो नाना!! सर्जा निंबाकडे तोंड करून उभा होता, कारण त्याच्या पुढ्यात कडबा टाकला होता. राजा आडवा उभा होता, झाड त्याच्या बाजूला. तुम्हाला कसं कळलं?

वायरमन_नाना

मग हिशोब लागला बघा. सर्जाचे पुढचे पाय झाडाजवळ आणि मागचे लांब, त्यामुळे पूर्ण फरक त्याच्या अंगावर आला. राजाचे चारही पाय झाडापासून जवळपास सारख्याच अंतरावर, म्हणून त्याला कमी लागलं. कडबा दुसरीकडे टाकला असता तर उलटं झालं असतं कदाचित. यात पोरीचा काय संबंध, तुम्हीच सांगा.

अहिरानी_मानूस

आमना गावमा बी पायाळू पोरेस्ले घरमा कोंडी ठेवेत. पोरले नाव ठेवू नका भो, ईज कोनले ईचारीसन पडस का?

मास्तर_अमळनेर

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आता सुट्टीच आहे, सविस्तर लिहितो, भाचीला वाचून दाखवा.

मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री तापतं. जमिनीलगतची हवा तापून वर उठते, सातपुड्याच्या उताराने तिला आणखी वर ढकललं जातं, आणि ओलावा असेल तर बारा-चौदा किलोमीटर उंच ढग उभा राहतो. पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली. पण तिथे सगळंच पाणी गोठत नाही, बरेच थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात. तिथे दोन प्रकारचा बर्फ असतो, एक साबुदाण्याएवढ्या मऊ गारा, दुसरे अगदी बारीक हलके स्फटिक. वर जाणारा वारा स्फटिकांना वर नेतो, गारा जड म्हणून मागे राहतात किंवा खाली येतात, आणि वाटेत दोघांची टक्कर होत राहते, अब्जावधी टकरा. उणे दहा ते उणे वीस डिग्रीच्या पट्ट्यात टक्कर झाली की गारेकडे ऋण चार्ज राहतो आणि स्फटिक धन चार्ज घेऊन वर निघून जातो. अर्ध्या तासात ढगाचा माथा धन, मधला भाग ऋण, आणि अगदी खाली धन चार्जचा छोटा कप्पा. ढगाखालच्या जमिनीवर ढगातल्या ऋण चार्जमुळे धन चार्ज गोळा होतो.

एरवी स्वच्छ दिवशीही आपल्या डोक्यावरच्या हवेत दर मीटरला शंभरएक व्होल्ट असतात, आपल्याला जाणवत नाहीत. असा ढग डोक्यावर आला की जमिनीवर तेच हजारो व्होल्ट होतात. डोंगरावर कधी अंगावरचे केस उभे राहतात, काठीच्या टोकातून बारीक सूं सूं आवाज येतो, तो त्याचाच. असं झालं तर क्षणभरही थांबायचं नाही.

पुढचं उद्या लिहितो.

केळीवाला_रावेर

सर थांबा थांबा, इथे माझा एक जुना प्रश्न आहे. हवा तर विजेची रोधक आहे ना, मग ढग एवढा चार्ज झाला म्हणून ठिणगी पडते असं आपण सरळ म्हणतो, पण ढगात खरंच तेवढं व्होल्टेज असतं का, कोणी मोजलंय का?

मास्तर_अमळनेर

तुमच्या प्रश्नावर शंभर वर्षं झाली लोक डोकं खपवताहेत, आणि मला स्वतःला या विषयात सगळ्यात जास्त ओढ त्याचीच आहे.

जमिनीवरची कोरडी हवा फोडायला मीटरला तीस लाख व्होल्ट लागतात. ढगाच्या उंचीवर हवा विरळ, तरी त्याच्या निम्मे तरी लागतातच. आता ढगात फुगे सोडून खरंच मोजलंय, अनेक दशकं. सापडतात किती, एक-दोन लाख, क्वचित चार लाख. म्हणजे लागतं त्याच्या साधारण दहावा हिस्सा. तरी वीज पडते.

एक उत्तर असं की पाण्याच्या थेंबांच्या आणि बर्फाच्या टोकांशी विद्युत क्षेत्र, म्हणजे हाच दर मीटरचा व्होल्टचा ताण, स्थानिक पातळीवर एकवटतं आणि तिथून सुरुवात होते. दुसरं उत्तर आभाळाच्याही वरून येतं. स्कॉटलंडचे सी. टी. आर. विल्सन, क्लाउड चेंबर म्हणजे कणांच्या वाटा डोळ्यांना दाखवणारं उपकरण बनवणारे, त्यांनी १९२५ साली म्हटलं होतं की ढगातल्या क्षेत्रात काही इलेक्ट्रॉन सुसाट सुटू शकतात. साधा इलेक्ट्रॉन हवेत पावलोपावली आपटतो आणि ऊर्जा गमावतो. पण आधीच वेगात असलेल्याला हवेचा अडथळा कमी होतो. पावसाळ्यात पांदीच्या चिखलातून मोटारसायकल हळू घातली तर रुतते आणि दाबून घातली तर निघून जाते, तसं काहीसं. असा एक इलेक्ट्रॉन वाटेत दुसऱ्याला वेगात सोडतो, दोनाचे चार, चाराचे आठ, असा लोंढा होतो. आणि याला मीटरला दोन-तीन लाख व्होल्ट पुरतात, उंचावर त्याहूनही कमी. म्हणजे फुग्यांना जे सापडलं तेवढ्यात भागतं.

मग पहिला वेगवान इलेक्ट्रॉन कुठून आला? तर विश्वकिरणांतून. अवकाशातून येणारे कण वरच्या हवेवर आदळतात आणि कणांचा वर्षाव खाली येतो. रशियन शास्त्रज्ञ गुरेविच यांनी १९९२ साली हे गणित मांडलं. पण या लोंढ्यानेच ठिणगी पडते की थेंबांच्या टोकांशी, की दोघं मिळून, हा वाद मिटलेला नाही. मी वर्गातही पोरांना हेच सांगतो, की इथे जागा आहे, तुमच्यापैकी कोणी जा.

आशा_पाचोरा

सर, खूप छान लिहिताय. मी गृहिणी आहे, बारावी सायन्सपर्यंत शिकले, पण एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मग ते रेडिएशन खरं की खोटं? त्या ताईंच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

मास्तर_अमळनेर

ताई, खरं आहे, पण घाबरण्यासारखं नाही.

वेगवान इलेक्ट्रॉन हवेतल्या अणूंजवळून वळले की क्ष-किरण आणि गॅमा किरण निघतात. दवाखान्यातलं क्ष-किरणांचं मशीन याच तत्त्वावर चालतं. १९९४ साली अमेरिकेच्या कॉम्प्टन उपग्रहाला, जो दूरच्या ताऱ्यांकडचे गॅमा किरण बघायला सोडला होता, खाली पृथ्वीकडूनच गॅमा किरणांचे झोत आलेले दिसले, एक-दोन मिलिसेकंदांचे, वादळी ढगांवरून. २००१ साली खऱ्या विजेतून आणि नंतर फ्लोरिडात रॉकेटमागे तांब्याची बारीक तार सोडून मुद्दाम पाडलेल्या विजेतून क्ष-किरण मोजले गेले. २०१७ साली जपानमध्ये तर असं दिसलं की विजेच्या गॅमा किरणांनी हवेतल्या नायट्रोजनचा गाभाच फोडला आणि त्यातून काही काळ टिकणारे किरणोत्सारी अणू तयार झाले. म्हणजे ढगात अणुकेंद्राच्या पातळीच्या घडामोडी होतात, हे आता पक्कं आहे.

पण यातलं बहुतेक सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडतं, आणि मधली हवा हे किरण शोषते, दर शंभरएक मीटरला निम्म्याहून कमी उरतात. वीज लागून माणूस दगावतो तो करंटने, हृदय आणि श्वास थांबून. भाची ओसरीवर होती, तिला काहीही तपासायची गरज नाही. तिच्या आईला माझ्याकडून सांगा, पोरगी ठणठणीत आहे.

आणि आपल्या देशातलं एक सांगतो, मला याचा फार अभिमान वाटतो. उटीला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ग्रेप्स-३ नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे म्युऑन मोजतात. म्युऑन हे विश्वकिरणांच्या वर्षावातलेच कण, आत्ता तुम्ही तळहात आडवा धरलात तर साधारण सेकंदाला एक त्यातून आरपार जातोय. वर चार्ज झालेला ढग असला की त्यातून येताना म्युऑनची ऊर्जा बदलते आणि खाली पोचणाऱ्यांची संख्या किंचित बदलते. १ डिसेंबर २०१४ च्या वादळात ती संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली, आणि त्यावरून हिशोब निघाला की त्या ढगाच्या माथ्याखालच्या भागात १३० कोटी व्होल्टचा फरक होता. फुग्यांनी तोवर मिळालेला मोठ्यात मोठा आकडा १३ कोटी होता. फुगा ढगात ज्या एका वाटेने जातो तेवढंच मोजतो, म्युऑन अख्ख्या ढगातून येतात. हे २०१९ साली छापून आलं. विल्सननी ढगात शंभर कोटी व्होल्ट असू शकतात असं म्हटलं होतं, ते नव्वदएक वर्षांनी उटीच्या टेकडीवर मोजलं गेलं.

केळीवाला_रावेर

अंगावर काटा आला सर. आपण केळीच्या बागेत उभे राहून ज्या ढगाला शिव्या देतो त्यात १३० कोटी व्होल्ट.

पण मग वीज त्याच निंबावर का आली? शेजारी पाण्याची टाकी असेल, डीपी असेल, पोल असेल.

मास्तर_अमळनेर

ढगातून निघालेली वीज सरळ खाली येत नाही. साधारण पन्नास मीटरची एक उडी, मग सेकंदाचा काही लाखावा भाग थांबा, मग पुढची उडी, फाटे फोडत फोडत. तेव्हा ती अंधुक असते, आपल्याला दिसतही नाही. पाच-सहा किलोमीटर वर असताना तिला खाली निंब आहे की टाकी आहे की माणूस आहे याचा पत्ताच नसतो. जमिनीपासून शंभरएक मीटर उरले की खालच्या उंच टोकांवरून, म्हणजे झाडाच्या शेंड्यावरून, पोलवरून, घराच्या कोपऱ्यावरून, वरच्या दिशेने छोट्या ठिणग्या निघतात. त्यातली जी आधी पोचते तिच्याशी गाठ पडते. गाठ पडली की वाट तयार झाली, मग तीसएक हजार अँपिअर करंट धावतो, वाट सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते, हवा एकदम फुगते तो कडकडाट. त्याच वाटेने तीन-चार वेळा करंट जातो म्हणून वीज थरथरल्यासारखी दिसते. निंबाच्या सालीखालचा रस एका क्षणात वाफ झाला आणि साल उडाली.

म्हणजे निर्णय झाला तो शेवटच्या शंभर मीटरमध्ये, आणि झाला उंचीवरून, टोकावरून आणि त्या क्षणी ढगातून आलेला फाटा नेमका कुठे होता यावरून. कोण कसं जन्मलं हे त्यात कुठेच येत नाही. बाळ पायाकडून जन्मणं ही सुईणीच्या आणि डॉक्टरच्या कामाची बाब. मी हे रागाने लिहितोय कारण माझ्या थोरल्या बहिणीचं अख्खं बालपण पावसाळ्यात मधल्या खोलीत गेलं, दार लावून. तिला अजून गडगडाट झाला की घाम फुटतो. त्या भाचीचं असं होऊ देऊ नका.

सासरी_धुळे

सर, मी स्वतः पायाळू आहे. ४२ वय. लग्न ठरताना लपवून ठेवलं होतं. मळ्यात काम करताना आभाळ आलं की बाया माझ्यापासून लांब जाऊन बसायच्या. अजून काही लिहवत नाही, पण हा धागा मी माझ्या मुलीला वाचून दाखवला.

तापीकाठ

ताई, नमस्कार करतो तुम्हाला. तुम्ही लिहिलंत हे फार मोठं आहे.

वायरमन_नाना

आता कामाचं बोलू, अजून पावसाळा यायचाय. आपल्या देशात दरवर्षी अडीच हजारांच्या वर माणसं विजेने जातात, आणि त्यातली कितीतरी शेतात.

झाडाखाली थांबायचं नाही, हे सगळ्यांना माहिती आहे तरी थांबतात कारण पाऊस अंगावर येतो. भिजा पण झाड सोडा. जनावरं झाडाला बांधू नका, तारेच्या कुंपणाला तर बिलकुल नाही, वीज कुंपणावर पडली तर तारेतून लांबवर जाते. विहिरीवर मोटर बंद करायला पळू नका, स्टार्टर जळाला तर नवीन येतो. वादळ यायच्या आधीच मेन काढून ठेवा. मळ्यात उघड्यावर सापडलात आणि पक्कं घर किंवा बंद गाडी जवळ नसेल तर उंच झाडापासून लांब, खोलगट जागी, पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका, नाहीतर सर्जासारखं होतं. पत्र्याचं उघडं शेड म्हणजे आसरा नव्हे. आणि मोबाईल वीज ओढतो ही अफवा आहे, उलट खिशात असू द्या, फोन लावायला कामी येतो. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी ॲप आहे, आजूबाजूला वीज पडत असली की सांगतं, ते टाकून घ्या.

वीज लागलेल्या माणसाला हात लावल्याने शॉक बसत नाही, त्याच्या अंगात करंट साठून राहत नाही. श्वास बंद असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन करा. लोक हात लावायला घाबरतात आणि ती चार मिनिटं वाया जातात. शेणात किंवा मातीत पुरून ठेवतात ते तर बंदच करा.

आशा_पाचोरा

नाना, आमच्याकडे आभाळ गरजलं की अंगणात विळा-कोयता फेकतात, त्याचं काय?

वायरमन_नाना

ताई, जमिनीवर पडलेल्या विळ्याने काही होत नाही, ना चांगलं ना वाईट. मात्र तो फेकायला माणूस अंगणात जातो ते वाईट.

मास्तर_अमळनेर

भाचीला एक काम द्या. वीज चमकली की सेकंद मोजायला सुरुवात करायची, आवाज आला की थांबायचं, आकड्याला तीनने भागलं की किलोमीटर. आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास जातो म्हणून. तीसच्या आत आकडा आला की सगळ्यांनी घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

तापीकाठ

आठ दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. म्युऑनचं वाचल्यापासून सारखी तळहात आडवा धरून बघते. नानांचं वाचून झाल्यावर ती उठून गोठ्यात गेली, राजाच्या पुढच्या आणि मागच्या पायामधलं अंतर काडीने मोजून आली, साडेचार फूट भरलं. मग राखुंडीने जमिनीवर झाड आणि दोन बैल काढून आईला समजावून सांगत होती.

परवा संध्याकाळी परत डोंगरावर ढग आला. माझी आई जुन्या वळणाची, सवयीने तिला मधल्या खोलीत चल म्हणाली. पोरगी दाराच्या आत, भिंतीला न टेकता, वही घेऊन बसली. चमकलं की मोजायची आणि लिहायची. एक्कावन्न, चव्वेचाळीस, छत्तीस. एकोणतीस आल्यावर उठून ओरडली, मामा, सालदारकाकांना हाक मार, सगळे आत या. आम्ही आलो. राजाला आधीच गोठ्यात घेतला होता.

पुढच्या चमकीला आई चुलीपाशी बसल्या बसल्या विचारते, किती आला गं आता?